पेट्रोलचा कांटा आणि लांकडी पट्टी

खंडाळ्याच्या घाटांत अर्ध्या चढावर एकादी जुनी मोटार दोन-तीन आचके देते आणि उभी राहते. मालक खालीं उतरतो, बॉनेट उघडतो, ठिणगी पाहतो, कार्बोरेटर पाहतो, पेट्रोलच्या पंपाकडे संशयानें पाहतो. टांकीकडे मात्र तो पाहत नाहीं. कारण समोरच्या फळीवरील कांटा टांकी अर्धी भरली असल्याचें सांगत असतो. तास-दीड तास असा गेल्यावर घाट उतरणारा एकादा ट्रकवाला थांबतो, टांकीचें झांकण काढून एक वाळकी काटकी आंत घालतो आणि ती कोरडी बाहेर काढून मुकाट्यानें मालकाच्या हातांत देतो.

ज्यानें ज्यानें जुनी मोटार बाळगली आहे त्याला ही गोष्ट थोड्याफार फरकानें ठाऊक असते. कांटा खोटें बोलला, असें मालक म्हणतो. पण तसें म्हणण्यांत कांट्यावर थोडा अन्याय होतो. कांट्यानें पेट्रोल कधीं पाहिलेलेंच नसतें. त्याच्यापर्यंत पोंचतो तो तारेंतून आलेला विजेचा प्रवाह, किंवा नळींतील हवेचा दाब, किंवा एका बुचाच्या तुकड्याची उंची. पेट्रोल आणि कांटा यांच्यामध्यें जितके मध्यस्थ, तितक्या बिघाडाच्या जागा. मोटारीच्या इतिहासांत हे मध्यस्थ कसे वाढत गेले, आणि त्यांपैकीं फितूर कोण झाला हें ओळखण्याच्या युक्त्या कशा बनत गेल्या, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. ती माहीत नसतां जुन्या गाडीचा कांटा दुरुस्त करूं जाणारा मनुष्य बहुधा चांगला भाग फेंकून देतो आणि वाईट भाग पुसून पुन्हां बसवितो.

आरंभीं मध्यस्थ कोणी नव्हतेच. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्टा बेंझ ही बाई आपले पति कार्ल बेंझ यांनीं बनविलेली तीनचाकी गाडी त्यांना न सांगतां बाहेर काढून, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरीं गेली. वाटेंत इंधन संपत आलें तेव्हां वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून तिनें लिग्रोइन नांवाचें द्रव विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली तेव्हां टोपीची टांचणी घालून ती मोकळी केली. त्या गाडींत इंधन मावे अवघें साडेचार लिटर. त्याला कांटा कशाला हवा होता? पुढें इंग्लंडांत पेट्रोल दोन-दोन गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून विकलें जाऊं लागलें, तेव्हां ओतलेले डबे आणि कापलेले मैल यांचा हिशेब मनांत ठेवला कीं काम भागे.

१९०८ सालीं अमेरिकेंत फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी निघाली. १९२७ पर्यंत अशा दीड कोट गाड्या झाल्या, आणि शेतकऱ्यापासून डॉक्टरापर्यंत सर्वांच्या दारीं मोटार आली. या गाडीलाहि पेट्रोलचा कांटा नव्हता. टांकी पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल किती उरलें हें पाहावयाचें म्हणजे बसलेल्यांनीं उठावयाचें, गादी उचलावयाची, झांकण फिरवून काढावयाचें आणि आंत एक लांकडी पट्टी सोडावयाची. पट्टीवर गॅलनच्या खुणा असत. पुष्कळ दुकानदार आपल्या नांवाची जाहिरात छापून अशा पट्ट्या गिऱ्हाइकांना फुकट वाटीत. पट्टीचे नियम साधे, पण कडक होते. गाडी सपाट जागीं असावी, पट्टी कोरडी असावी, ती सरळ बुडाला टेकवावी, आणि बाहेर काढतांच ओलीची रेघ पाहावी; कारण पेट्रोल पाहतां पाहतां उडून जातें.

हे नियम न पाळणाऱ्याला शिक्षाहि विचित्र होई. या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता. बैठकीखालील टांकींतून पेट्रोल स्वतःच्या वजनानें कार्बोरेटरकडे उतरत असे. उभ्या चढावर गाडीचें नाक वर गेलें कीं टांकी मागें आणि खालीं राही, आणि टांकींत पेट्रोल थोडें असेल तर तें इंजिनापर्यंत पोंचेचना. टांकी रिकामी नाहीं, तरी इंजिन उपाशी! मग जाणते लोक गाडी वळवून, पाठमोरी, उलट्या गियरमध्यें चढावर नेत. असा प्रसंग नवख्यावर आला म्हणजे तो यंत्रांत दोष शोधीत बसे, आणि दोष असे तो केवळ उतरंडीचा.

१९२७ च्या अखेरीस ‘मॉडेल ए’ निघाली, तींत टांकी इंजिनाच्या मागें, समोरच्या कांचेच्या पुढें, म्हणजे बैठकींतल्या मंडळींच्या छातीसमोर आली. पेट्रोलची टांकी अंगाशीं घेऊन बसणें पुष्कळांना बरें वाटत नसे. परंतु एक सोय झाली. टांकीच्या भिंतींतच एक लहान खिडकी ठेवून तींत अंकांची तबकडी बसविली होती. आंत बुचाचा फ्लोट पेट्रोलवर तरंगे, त्याची दांडी ती तबकडी फिरवी, आणि चालकाला टांकीच्या पोटांतील स्थिति सरळ दिसे. मध्यें तार नाहीं, नळी नाहीं, हवा नाहीं. मोटारीच्या इतिहासांत यापेक्षां प्रामाणिक मापक झाला नाहीं असें म्हणावयास हरकत नाहीं. तरी त्यालाहि दोन व्याधी होत्याच. खिडकीभोंवतींचें वायसर सुकलें कीं पेट्रोल झिरपून बसणाऱ्यांच्या गुडघ्यांवर ठिपके पडत. दुसरी व्याधि फ्लोटची. बुचावर लाखेचें रोगण दिलेलें असे; तें उडालें कीं बूच पेट्रोल पिऊं लागे, जड होऊन खालीं बसे, आणि टांकी भरलेली असतांहि तबकडी कमी अंक दाखवी. ही व्याधि पुढें किती वर्षांनीं आणि कोणत्या कारणानें पुन्हां उद्भवली तें शेवटीं येईलच.

दरम्यान इतर कारखानदारांनीं टांकी गाडीच्या मागें नेली होती. इंजिनाच्या शोषणानें लांबून पेट्रोल ओढून घेण्याची सोय झाल्यामुळें तें शक्य झालें होतें. टांकी मागें गेली, आगीचें भय कमी झालें. पण चालक पुढें आणि पेट्रोल मागें अशी ताटातूट झाली. कांहीं गाड्यांत मापक टांकीवरच असे, आणि तो वाचण्यासाठीं उतरून मागें जावें लागे. पावसांत, चिखलांत, रात्रीं कंदील घेऊन मागें जाणें कोणाला आवडेल? दहा-बारा फूट अंतरावरून टांकीची बातमी पुढें आणणें हा एक नवाच प्रश्न झाला, आणि पेट्रोलच्या मापकाचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

त्याला पहिलें चांगलें उत्तर विजेनें दिलें नाहीं, हवेनें दिलें. मिशिगनमधील ॲन आर्बर येथील किंग-सीली कंपनीनें ‘टेलिगेज’ नांवाचा मापक विकावयास आणला, आणि १९२० ते १९३० च्या दशकांत तो अनेक गाड्यांवर बसला. १९३२ ची फोर्डची ‘व्ही-एट’ही त्यांपैकींच. त्याची रचना अशी: टांकीच्या बुडाशीं उपड्या वाटीसारखें एक भांडें. त्याच्यांतून केसाएवढ्या भोंकाची तांब्याची नळी निघून पुढच्या फळीपर्यंत जाई. तेथें कांचेच्या उभ्या नळींत तांबडें द्रव असे. पाण्यांत उपडा पेला बुडविला म्हणजे आंतली हवा कोंडून दबते. तशी वाटींतील हवा वरच्या पेट्रोलच्या भारानें दबे, तो दाब नळींतून पुढें येई आणि तांबडें द्रव वर चढवी. पेट्रोल जितकें खोल तितका तांबडा स्तंभ उंच.

येथें एक अडचण होती. टांकींत पेट्रोल आठ इंच खोल असलें तर त्या दाबानें साधें पाणी सहा इंच चढेल. एवढी उंच नळी फळीवर मावणार कशी? म्हणून पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असें ॲसिटिलीन टेट्राब्रोमाइड हें द्रव घेऊन त्याला तांबडा रंग दिला. मग आठ इंचांच्या पेट्रोलला दोन इंचांचा स्तंभ पुरूं लागला. एकाद्या हौशी मालकानें द्रव आटलें म्हणून रंगीत पाणी भरलें, तर एक-तृतीयांश भरलेली टांकीहि तो मापक तुडुंब भरलेली दाखवील. मूळ द्रव विषारी आहे हें मात्र हाताळणारानें विसरूं नये.

हा मापक आजारी पडला म्हणजे त्याची परीक्षा कशी करावयाची याची एक ठराविक रीत होती, आणि त्या जातीच्या गाड्या ज्यांच्याजवळ अजून आहेत त्यांना दुसरी रीत आजहि नाहीं. प्रथम फळीच्या मागची नळी मापकापासून सोडावयाची. आतां मापकावर कसलाहि दाब नाहीं. तेव्हां तांबडें द्रव बरोबर तळच्या रेघेवर उभें राहिलें पाहिजे. तसें न राहिलें तर द्रव कमी-अधिक आहे. थेंब थेंब घालून किंवा काढून तें रेघेवर आणावयाचें. तें रेघेवर असेल तर मापक निर्दोष, आणि दोष नळींत किंवा टांकींत. मग पुढच्या टोंकाकडून हातपंपानें नळींत हळूहळू हवा भरावयाची, म्हणजे नळींत शिरलेला पेट्रोलचा थेंब मागें टांकींत ढकलला जातो. घाईनें, मोठ्या यंत्राची हवा सोडणारा मेकॅनिक टांकींतला भाग कायमचा बिघडवून ठेवी. सगळें जोडल्यावरहि द्रव तळाशींच राहिलें तर नळीला किंवा सांध्याला भोंक आहे, आणि केसाएवढें भोंकहि पुरेसें असतें.

याहून मजेचा भाग असा कीं, या मापकाला एक दोष असा होता जो दोषच नव्हता. गाडी बरेच दिवस उभी राहिली कीं वाटींतली हवा हळूहळू कमी होई आणि स्तंभ खालीं येई. गाडी चालूं लागून टांकींतलें पेट्रोल हिंदकळलें म्हणजे त्याच हिंदकळण्यानें वाटींत पुन्हां हवा भरली जाई, आणि कांहीं मैल गेल्यावर स्तंभ आपोआप योग्य जागीं येई. सोमवारीं सकाळीं मालक तक्रार घेऊन दुकानांत येई. दुकानापर्यंत येतां येतां तक्रार नाहींशी झालेली असे. दुकानदार हसे, मालक ओशाळे, आणि दोघांपैकीं कोणींहि खोटें बोललेलें नसे.

विजेचे मापक आल्यावर तांबडा स्तंभ मागें पडला. टांकींतील फ्लोटची दांडी एका रोधक तारेवर सरकते, पेट्रोलच्या उंचीप्रमाणें त्या तारेचा विरोध बदलतो, आणि एकच बारीक तार ती बातमी पुढें नेते. इथवर सर्वांचें एकमत. परंतु पुढच्या कांट्याविषयीं अमेरिकेंत दोन पंथ पडले, आणि जुन्या गाडीचा कांटा पाहणारानें ही गाडी कोणत्या पंथाची हें पहिल्यानें विचारावयास पाहिजे.

जनरल मोटर्सच्या पंथांत कांट्याच्या दोन बाजूंना दोन विद्युच्चुंबक असतात. एक कांट्याला रिकाम्या बाजूकडे ओढतो, दुसरा भरल्या बाजूकडे. टांकींतला विरोध ठरवितो कीं ओढाताणींत कोणाचें किती चालावें. या युक्तीचा मोठा गुण असा कीं, बॅटरी मंद झाली तरी दोन्ही चुंबक सारखेच मंद होतात आणि कांटा जागचा हलत नाहीं. फोर्डच्या पंथांत कांट्यामागें दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोंवतीं गुंडाळलेल्या तारेंतून प्रवाह गेला कीं ती तापते, वांकते आणि कांटा सरकविते. तापावयास वेळ लागतो म्हणून हा कांटा संथ. वळणावर पेट्रोल हिंदकळलें तरी तो डगमगत नाहीं. पण पट्टीचें तापणें बॅटरीच्या दाबावर अवलंबून, म्हणून १९५६ पासून फोर्डनें फळीमागें एक लहान नियामक बसविला. तो बारा व्होल्टचा प्रवाह क्षणोक्षणीं तोडून आणि जोडून सरासरी पांच व्होल्टच पुढें जाऊं देतो.

खरा फरक याहून खोल आहे. जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकापर्यंतच्या गाड्यांत टांकी रिकामी असतां विरोध शून्य ओहम आणि भरलेली असतां तीस. फोर्डच्या त्या नियामकवाल्या गाड्यांत उलट: रिकामी असतां सुमारें त्र्याहत्तर, भरलेली असतां सुमारें दहा. आतां समजा, दोन्ही गाड्यांत टांकीकडची तार गंजून तुटली. तुटलेल्या तारेचा विरोध अनंत. फोर्डचा कांटा लुळा पडून रिकाम्या रेघेवर जातो. जनरल मोटर्सचा कांटा भरल्या रेघेच्याहि पलीकडे जाऊन टेंकतो. बिघाड एकच, पण एका घरीं दुष्काळ आणि दुसऱ्या घरीं सुकाळ! पहिल्या गाडीचा मालक घाबरून पेट्रोल भरावयास जाईल आणि टांकी भरलेली पाहून परत येईल. दुसऱ्या गाडीचा मालक निर्धास्तपणें घाट चढूं लागेल. विजेच्या दृष्टीनें दोन्ही रचना सारख्याच शहाणपणाच्या होत्या. माणसाच्या दृष्टीनें मात्र जो मापक मोडल्यावर भय दाखवितो तोच बरा, आणि या एका बाबतींत फोर्डचा पंथ उजवा ठरतो.

याच उलटसुलट स्वभावाचा मेकॅनिकांनीं चतुराईनें उपयोग करून घेतला. टांकीवरील तार सोडून कांटा पाहावयाचा. मग तीच तार क्षणभर गाडीच्या उघड्या लोखंडाला टेंकवून पुन्हां पाहावयाचा. जनरल मोटर्सच्या गाडींत कांटा पहिल्या वेळीं भरल्याकडे आणि दुसऱ्या वेळीं रिकाम्याकडे धांवला पाहिजे; फोर्डच्या नियामकवाल्या गाडींत याच्या उलट, आणि तोहि सावकाश. कांटा असा दोन्ही टोंकांना गेला तर पुढचें सर्व ठीक आहे आणि दोष टांकींत आहे. हलला नाहीं, तर तार किंवा कांटा दोषी. मिनिटभराच्या या परीक्षेनें निम्मी गाडी संशयांतून मुक्त होते. मात्र तार लोखंडाला टेंकविण्याची ही रीत १९५६ पूर्वींच्या फोर्ड गाड्यांत करूं नये. त्यांची रचना निराळी, आणि त्यांत कांटाच जळण्याचें भय. ठिणगी टांकीच्या तोंडापासून दूर असावी हें सांगावयास नकोच. पण रिकामी टांकी भरलेल्या टांकीपेक्षां अधिक घातक असते हें पुष्कळांना ठाऊक नसतें. रिकाम्या टांकींत पेट्रोल नसतें. हवेंत मिसळलेली त्याची वाफ असते, आणि पेट घेते ती वाफच.

फोर्डच्या गाडींत आणखी एक खूण मिळते. पेट्रोलचा आणि इंजिनाच्या उष्णतेचा, असे दोन्ही कांटे एकदमच जास्त किंवा एकदमच कमी दाखवूं लागले, तर टांकी उघडण्याच्या भानगडींत पडूं नये. दोघांना पोसणारा नियामक बिघडला आहे. दोन शेजारी एकाच दिवशीं आजारी पडले तर विहिरीचें पाणी तपासावें, तसाच हा प्रकार. सहा व्होल्टची जुनी गाडी बारा व्होल्टची करून घेणाऱ्या हौशी मालकांनीं दुप्पट दाबानें किती कांटे जाळले असतील याची तर गणतीच नाहीं.

सर्वांत चकविणारा दोष मात्र रंगाऱ्याच्या हातून होतो. विजेचा प्रवाह तारेनें एका बाजूनें जातो आणि परत येतो तो टांकीच्या पत्र्यांतून व गाडीच्या सांगाड्यांतून. मालक गाडी नवी करावयास देतो. टांकी उतरवितात, खरवडतात, तिला काळा रंग देतात, खालीं रबराच्या नव्या पट्ट्या घालून पुन्हां बसवितात. गाडी आरशासारखी चमकते आणि पेट्रोलचा कांटा मेलेला असतो. नव्या रंगानें आणि नव्या रबरानें टांकीचा सांगाड्याशीं संबंध तोडलेला असतो. दोन फूट तार घेऊन टांकी आणि सांगाडा जोडला कीं कांटा उठून बसतो. पण ती तार जोडण्यापूर्वीं कित्येकांनीं नवा कांटा आणि नवा फ्लोट विकत आणलेला असतो.

या सगळ्या कटकटींकडे पाहून जर्मनीतील एका कारखान्यानें मापक द्यावयाचाच नाहीं असें ठरविलें होतें. फोक्सवॅगनच्या लहान ‘बीटल’ गाडीला १९६१ पर्यंत पेट्रोलचा कांटा नव्हता. चालकाच्या पायाशीं एक तोटी असे. टांकींत सुमारें पांच लिटर उरलें कीं इंजिन गचके देऊं लागे. चालक पायानें तोटी फिरवी आणि राखीव पेट्रोल सुरू होई. हिंदुस्थानांतील मध्यमवर्गीय घरांना ही युक्ति चांगली परिचित आहे. पुण्याच्या बजाज कारखान्यांतून निघालेल्या स्कूटरची ‘रिझर्व’ची कळ ती हीच. रस्त्याच्या कडेला स्कूटर एका अंगाला कलती करून तळाचें पेट्रोल नळीकडे नेण्याचा प्रयोग कितीतरी गृहस्थांनीं, मागें कुटुंब आणि पुढें मूल उभें असतां, केलेला आहे. राखीव तोटीला तार नाहीं, कांटा नाहीं, बिघडावयासारखें कांहीं नाहीं. बिघडतें तें माणसाचें ध्यान. पेट्रोल भरल्यावर तोटी परत फिरवावयाची राहून गेली, कीं पुढच्या वेळीं राखीव पेट्रोलहि न कळत संपून जातें. १९६२ च्या नमुन्यापासून फोक्सवॅगननेंहि कांटा दिला. फ्लोटपासून कांट्यापर्यंत साधी सरकती तार लावून, विजेला हात न लावतां.

कांटा बंद पडला तरी लांकडी पट्टी आहे, आणि पट्टी खोटें बोलत नाहीं, असा जुन्या मोटारवाल्यांचा विश्वास असतो. तो बहुतेक खरा आहे. पण पट्टीवरचा अंक वाचणारा माणूसच असतो, आणि त्याचा अनुभव जगाला मोटारींत आला नाहीं, विमानांत आला.

२३ जुलै १९८३ रोजीं एअर कॅनडाचें एक नवें बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गें एडमंटनला निघालें. त्याच्या इंधनमापक यंत्रांत दोन स्वतंत्र विभाग होते; एक बिघडला तर दुसऱ्यानें काम चालवावें अशी योजना होती. एका विभागांत डाखाचा एक सांधा कच्चा राहिला होता. त्यामुळें तो विभाग धड मेलाहि नव्हता आणि धड जगतहि नव्हता, आणि दुसरा विभाग आपण होऊन पुढें येईना. एडमंटनच्या तंत्रज्ञाला अनुभवानें उपाय सांपडला होता: बिघडलेल्या विभागाचा विजेचा खटका बंद ठेवावयाचा, म्हणजे दुसरा नीट चालतो. माँट्रियलला दुसऱ्या एका तंत्रज्ञानें तपासणीसाठीं तोच खटका पुन्हां चालू केला, मध्येंच त्याचें लक्ष दुसरीकडे गेलें, आणि खटका तसाच राहिला. सर्व मापक कोरे झाले.

तेव्हां पट्ट्या काढण्यांत आल्या. विमानाच्या पंखांतहि पट्टीनें इंधन मोजण्याची सोय असते. पट्टीनें बरोबर सांगितलें: ७,६८२ लिटर. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम लागणार होतें. कॅनडा त्या वेळीं पौंडांकडून किलोग्रॅमकडे जात होता, आणि हें विमान त्या कंपनीच्या किलोग्रॅमवर चालणाऱ्या पहिल्या विमानांपैकीं होतें. लिटरचें वजन काढण्यासाठीं मंडळींनीं १.७७ हा जुना सरावाचा गुणक घेतला. तो पौंडांचा होता. किलोग्रॅमसाठीं सुमारें ०.८ घ्यावयास पाहिजे होता. त्या हिशेबानें ४,९१६ लिटर आणखी भरले. वास्तविक वीस हजारांहून अधिक हवे होते. ओटावाला पुन्हां पट्टीनें मोजलें, पण गुणक तोच. निम्म्याहून कमी इंधन घेऊन ६१ उतारू आणि ८ नोकर आकाशांत गेले, आणि ४१,००० फुटांवर असतां इंधन संपूं लागलें. पाठोपाठ दोन्ही इंजिनें बंद पडलीं.

कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचीं ग्लायडर विमानें उडविण्याचा सराव होता. सहकारी मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील विमानदळाचा जुना तळ माहीत होता. त्या दिवशीं तेथें मोटारींच्या शर्यती भरल्या होत्या हें मात्र दोघांनाहि माहीत नव्हतें. पिअर्सन यांनीं विमान तिरकें घसरवीत उंची कमी केली आणि त्याच धांवपट्टीवर उतरविलें. पुढचें चाक मोडून विमानाचें नाक जमिनीवर घांसत गेलें आणि धूर निघाला. तो विझविण्यासाठीं हातांतले अग्निशामक घेऊन प्रथम धांवले ते शर्यतीचे मोटारवाले. एकहि प्राण गेला नाहीं.

आतां ‘मॉडेल ए’च्या त्या बुचाच्या फ्लोटकडे वळावयास हवें. जुन्या मोटारी जपणाऱ्या लोकांपुढें तो नव्यानें उभा राहिला आहे. हिंदुस्थानांत २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. इथेनॉल हें मद्यार्कच. आणि लाख मद्यार्कांत विरघळते हें घरीं कपाट पॉलिश करून घेतांना ज्यानें सुताराची बाटली पाहिली आहे त्याला ठाऊक आहे. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवूनच तें पॉलिश बनतें. ऐंशी-नव्वद वर्षें साध्या पेट्रोलांत शाबूत राहिलेलें बुचावरचें रोगण नव्या पेट्रोलांत सुटूं लागतें, बूच भिजतें, बुडतें, आणि वरून सुटलेली लाख गाळणींत जाऊन चिकटते ती निराळीच. टांकी भरून आणली आणि कांटा शून्यावर आला, कीं मालक तारा तपासूं लागतो.

पितळेच्या पोकळ फ्लोटचा आजार याहून साधा. डाखाच्या सांध्याला बारीक छिद्र पडून आंत पेट्रोल शिरतें. फ्लोट कानाशीं धरून हलविला तर आंतला खळखळाट ऐकूं येतो. गरम पाण्यांत बुडविला तर छिद्रांतून बुडबुडे निघतात आणि जागा सांपडते. ती डाखण्यापूर्वीं आंतल्या पेट्रोलचा थेंबन् थेंब काढावा लागतो. बुचाला मात्र इलाज नाहीं. त्याच्या जागीं पितळेचा किंवा कृत्रिम फेसाचा फ्लोट घालतात.

जाणता कारागीर एवढ्यावर थांबत नाहीं. विजेचा मापक असेल तर फ्लोट टांकींत बसविण्याआधीं तो बाहेरच तारेला जोडून दांडी हातानें वर-खालीं करतो, आणि दुसऱ्या माणसाला कांट्याकडे पाहावयास बसवितो. मग रिकाम्या टांकींत मोजून पांच-पांच लिटर पेट्रोल ओततो आणि प्रत्येक वेळीं कांटा कोठें उभा राहिला तें लिहून ठेवतो. टांकीचा आकार वांकडातिकडा असल्यामुळें वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो आणि खालचा भराभर, हें त्या कागदावर स्पष्ट दिसतें. त्याच वेळीं तो एक लांकडी पट्टीहि टांकींत बुडवितो, ओलीच्या रेघेवर चाकूनें खांच पाडतो, आणि टांकी भरल्यावर ती पट्टी पुसून चालकाच्या बैठकीखालीं ठेवून देतो.